कमल रणदिवे यांची पेशीविद्या

कर्करोगावर बाहेरून शस्त्र, किरण वा विषारी औषध चालविण्याऐवजी शरीरातील रक्षक पेशींनाच त्याच्यावर सोडावे, ही कल्पना आता वैद्यकाच्या ग्रंथांतून बाहेर पडून वृत्तपत्रांच्या मथळ्यांपर्यंत येऊन पोहोचली आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रण यंत्रणेने अशा प्रकारच्या पहिल्या स्वदेशी उपचाराला मान्यता दिली आणि एप्रिल २०२४ मध्ये पवईच्या आयआयटीमध्ये राष्ट्रपतींच्या हस्ते त्याचे लोकार्पण झाले. आयआयटी आणि टाटा स्मारक केंद्र या दोन संस्थांचे हे संयुक्त अपत्य. त्या निमित्ताने कौतुकाचा जो वर्षाव झाला तो सर्वस्वी योग्यच होता. मात्र या उपचाराची मुळे ज्या जमिनीत गेली आहेत, ती जमीन नांगरून ठेवणाऱ्या एका पुणेकर विदुषीचे नाव त्या गजरात फारसे ऐकू आले नाही. डॉ. कमल रणदिवे यांना जाऊन आता दोन तपे उलटली. २०२१ मध्ये त्यांच्या जन्मदिनी गूगलने आपल्या मुखपृष्ठावर त्यांचे चित्र झळकविले तेव्हा अनेक सुशिक्षित मराठी माणसांनाही ही बाई कोण, असा प्रश्न पडला. काहींनी तर त्यांची कमला सोहोनी यांच्याशी गल्लत केली. नावांतील साम्य हे त्याला निमित्त झाले असेल; पण आपले शास्त्रज्ञांविषयीचे अज्ञान हे खरे कारण होय.

कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे अध्यापक होते आणि आपल्या सर्व मुलांनी, विशेषतः मुलींनी, उत्तम शिकावे असा त्यांचा कटाक्ष होता. शिक्षण झाले ते हुजूरपागेत. १८८० च्या दशकात ही शाळा सुरू झाली तेव्हा मुलींना काय आणि किती शिकवावे यावरून याच शहरात केवढा वाद माजला होता, हे पुणेकरांना सांगावयास नको. त्या वादाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकात जन्मलेल्या मुलींना वादाची फळे चाखावयास मिळाली. हुजूरपागेतून फर्ग्युसन, तेथे वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन पदवी, असा त्यांचा मार्ग ठरत गेला. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. कमलताईंनी दोन्ही बाबतींत वेगळी वाट धरली. १९३९ मध्ये त्यांचा विवाह गणितज्ञ जयसिंग रणदिवे यांच्याशी झाला आणि पदव्युत्तर अभ्यासासाठी त्या पुण्याच्याच शेतकी महाविद्यालयात गेल्या. १९४३ मध्ये त्यांनी एम्.एस्सी. पदवी मिळविली. सीताफळ आणि रामफळ ज्या कुळात मोडतात त्या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता.

सीताफळाच्या गुणसूत्रांपासून माणसाच्या कर्करोगापर्यंतचे अंतर सामान्य माणसाला फार वाटेल. वस्तुतः ते तितके नाही. पेशी कशी विभागते, तिच्या गाभ्यातील सूत्रे कशी वाटली जातात आणि त्या वाटणीत बिघाड झाला म्हणजे काय होते, या प्रश्नांची ज्याच्या नजरेला सवय झाली त्याला झाड आणि माणूस यांच्यात मोठी भिंत दिसत नाही. कर्करोग हा मुळात पेशीच्या शिस्तीचा रोग आहे. थांबावयाचे कोठे हे विसरलेली पेशी म्हणजे कर्करोगाची पेशी. शेतकी महाविद्यालयातील सूक्ष्मदर्शकाखाली कमावलेली नजर पुढे परळच्या प्रयोगशाळेत उपयोगी पडली ती अशी.

परळला टाटा स्मारक रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते आणि तेथील विकृतिशास्त्राची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाती होती. विवाहानंतर मुंबईस आलेल्या कमलताई त्यांच्या हाताखाली कामास लागल्या. खानोलकर हे त्या काळच्या वैद्यकीय संशोधनातील एक प्रचंड नाव. रोग्याच्या शवाची चिकित्सा करून निदान लिहून मोकळे होणाऱ्यांपैकी ते नव्हते. रोग घडतो कसा, याचा माग काढण्यासाठी डॉक्टरांइतकीच जीवशास्त्रज्ञांचीही गरज आहे हे त्यांनी ओळखले होते, आणि म्हणूनच वनस्पतींच्या गुणसूत्रांवर पदवी घेऊन आलेल्या एका तरुण स्त्रीला त्यांनी उंदरांच्या स्तनग्रंथींचा अभ्यास सोपविला. उंदरांचे काही वाण असे असतात की त्यांतील बहुसंख्य माद्यांना स्तनाचा कर्करोग होतो. काहींत तो क्वचित आढळतो. अशा चार वाणांच्या निरोगी ग्रंथींची रचना शेजारी शेजारी ठेवून पाहण्याचे काम खानोलकर आणि रणदिवे यांनी केले. रोग दिसू लागण्यापूर्वीच ऊतीत काही वेगळेपण असते काय, असा तो प्रश्न होता. १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाने कमलताईंना डॉक्टरेट दिली.

या विषयात त्या वेळी एक विलक्षण कोडे गाजत होते. अमेरिकेतील बिटनर या संशोधकाने १९३६ मध्ये दाखवून दिले होते की, कर्करोगप्रवण वाणाची पिले जन्मतःच दुसऱ्या वाणाच्या आईच्या दुधावर वाढविली तर त्यांतील कर्करोगाचे प्रमाण एकदम घटते. म्हणजे रोगाचे काही बीज दुधातून येत होते. पुढे ते बीज म्हणजे एक विषाणू असल्याचे निष्पन्न झाले. तरीही केवळ विषाणूने भागत नव्हते. वाणाचा आनुवंशिक कल, शरीरातील संप्रेरके आणि विषाणू अशा तिघांची गाठ पडावी लागे. कमलताईंच्या पुढील अनेक वर्षांच्या संशोधनाचा गाभा या त्रिकूटातच होता. आज हे सारे पाठ्यपुस्तकात सरळ मांडलेले असते. त्या काळी मात्र आनुवंशवाले, संप्रेरकवाले आणि विषाणूवाले असे तीन स्वतंत्र तंबू होते, आणि त्या तंबूंच्या मध्ये उभे राहून काम करणे फारसे लाभदायक नव्हते.

डॉक्टरेटनंतर खानोलकरांच्याच प्रोत्साहनाने त्या अमेरिकेस गेल्या. बाल्टिमोरमधील जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत त्यांनी ऊतिसंवर्धनाचे तंत्र आत्मसात केले. ऊतिसंवर्धन म्हणजे शरीरातून काढलेल्या पेशी शरीराबाहेर, काचेच्या नळीत वा बशीत, जिवंत ठेवणे आणि वाढविणे. याच गाय यांच्या प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स नावाच्या एका गरीब कृष्णवर्णीय स्त्रीच्या अर्बुदातील पेशी अखंड वाढत्या ठेवण्यात यश आले आणि हेला या नावाने त्या जगभर पसरल्या. त्या स्त्रीची वा तिच्या कुटुंबाची परवानगी कोणी घेतली नव्हती, हेही नोंदविले पाहिजे. विज्ञानाच्या इतिहासात अशी पाने उलटताना वाचकाने घाई करू नये.

परत येऊन कमलताईंनी काय केले, हे समजण्यासाठी ऊतिसंवर्धन ही किती नाजूक आणि कटकटीची विद्या आहे याची कल्पना असावयास हवी. पेशींना लागणारे पोषक द्रावण, त्यातील क्षार, शर्करा, जीवनसत्त्वे आणि रक्तरस यांचे प्रमाण, तापमान, आम्लता, सारे काटेकोर लागते. एखादा जंतू वा बुरशीचा एखादा कण आत शिरला की महिन्याची मेहनत एका रात्रीत वाया जाते. ज्या काळी ही द्रावणे बाटलीबंद विकत घेणे येथील संशोधकाला सोपे नव्हते, परकीय चलनासाठी अर्जावर अर्ज करावे लागत, आणि मुंबईचा पावसाळा तर बुरशीचे माहेरच, त्या काळी भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी ऊतिसंवर्धनाची प्रयोगशाळा उभी केली. देशातील या प्रकारची ती पहिली प्रयोगशाळा म्हणून गणली जाते. १९६० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसह संवर्धनाची माध्यमे आणि त्यासाठी लागणारी रसायने येथेच बनविण्यास आरंभ केला. शोधनिबंधांच्या यादीत अशा कामाला स्थान मिळत नाही. पारितोषिकेही त्यासाठी दिली जात नाहीत. माझ्या मते मात्र त्यांच्या एकूण कार्यातील सर्वांत दूरगामी गोष्ट हीच होय, कारण पेशीला शरीराबाहेर जगविता आले नसते तर दोन पेशी परस्परांशी काय बोलतात हे ऐकण्याचा मार्गच बंद राहिला असता.

१९६६ ते १९७० या काळात त्यांनी केंद्राचे प्रभारी संचालकपद सांभाळले. कर्करोगजनन, पेशीजीवशास्त्र आणि प्रतिरक्षाशास्त्र असे नवे विभाग त्यांच्या पुढाकाराने उघडले गेले. यांतील तिसऱ्या विभागाचे महत्त्व त्या वेळी किती जणांना पटले असेल, याची शंका वाटते. कर्करोगाच्या रुग्णालयाशेजारी प्रतिरक्षेचा विभाग कशाला, असे विचारणाऱ्याला त्या काळी समाधानकारक उत्तर देणे कठीण होते. प्रतिकारशक्ती म्हणजे जंतूंशी लढणारी शक्ती, कर्करोग तर जंतूंचा रोग नव्हे, अशी सर्वसाधारण समजूत होती.

या समजुतीला आव्हान देणारा पुरावा मात्र फार जुना होता. न्यूयॉर्कचे शल्यचिकित्सक विल्यम कोली यांनी १८९१ पासून आपल्या अर्बुदग्रस्त रोग्यांना जिवंत जंतू आणि नंतर मारलेल्या जंतूंचे अर्क टोचण्याचा उद्योग चालविला होता. रोग्याला सणसणून ताप येई, आणि काही थोड्या रोग्यांत अर्बुद विरघळून जाई. का, ते कोलींना सांगता येईना. ज्यांत अर्बुद विरघळले नाही असे रोगी पुष्कळ होते. क्ष-किरणांचे युग अवतरताच हे वेडगळ वाटणारे उपचार मागे पडले. १९३६ मध्ये कोली निवर्तले तेव्हा त्यांच्या पद्धतीवर विश्वास ठेवणारे फारसे कोणी उरले नव्हते. ताप आणि अर्बुद यांच्या मधला दुवा सापडावयास आणखी काही दशके जावी लागली.

हा दुवा समजून घेण्यास परळच्या प्रयोगशाळेतील एक वेगळेच प्रकरण उपयोगी पडते, आणि ते कर्करोगाचे नसून कुष्ठरोगाचे आहे. खानोलकरांना कुष्ठरोगाच्या विकृतीत विशेष रस होता. त्याचा जंतू हॅन्सेन यांनी १८७३ मध्येच पाहिला होता. पण तो कृत्रिम माध्यमावर वाढविणे आजतागायत कोणाला साधलेले नाही. १९५८ मध्ये बापट, रणदिवे आणि खानोलकर यांनी तीव्र कुष्ठाच्या रोग्याच्या गाठीतून एक आम्लस्थिर जंतू वेगळा काढला आणि तो प्रयोगशाळेत वाढविला. ऊतिसंवर्धनाचे तंत्र येथे कामी आले. कुष्ठाचा जंतू अखेर हाती लागला, अशी आशा त्या वेळी निर्माण झाली असल्यास नवल नाही. पुढे काळजीपूर्वक तपासणी झाली तेव्हा तो कुष्ठाचा नसून त्याच्या कुळातील दुसराच, पक्ष्यांच्या क्षयाशी नाते सांगणारा जंतू ठरला. केंद्राच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला आयसीआरसी जंतू असे नाव पडले.

एवढ्यावर हे प्रकरण संपते तर ती एक हुकलेली शिकार म्हणून विस्मरणात गेली असती. परंतु तीव्र कुष्ठाचे खरे गूढ जंतूत नसून रोग्यात आहे. अशा रोग्याच्या त्वचेतील भक्षक पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या तर त्या जंतूंनी ठासून भरलेल्या दिसतात. पेशीने जंतू गिळला आहे, पण मारलेला नाही. पहारेकरी जागच्या जागी आहे, त्याच्या हातात शस्त्रही आहे, केवळ हुकूम आलेला नाही. सौम्य कुष्ठाच्या रोग्यात हाच पहारेकरी जंतूंचा फडशा पाडतो. दोघांतील फरक आहे तो हुकमाचा. हुकूम देणारी असते टी-पेशी, रक्तातील लसिकापेशींपैकी एक. ओळखीचा शत्रू तिच्यापुढे योग्य रीतीने मांडला गेला की ती काही रासायनिक द्रव्ये सोडते आणि ती द्रव्ये जवळच्या भक्षक पेशीच्या पृष्ठभागावरील ठरावीक जागी जाऊन बसतात. मग त्या सुस्त पेशीचे रूपच पालटते.

कमलताई केंद्राच्या प्रमुखपदी आल्या त्याच वर्षी, १९६६ मध्ये, अमेरिकेत दोन गटांनी स्वतंत्रपणे असे पहिले द्रव्य ओळखले. भक्षक पेशींची हालचाल रोखून त्यांना जागीच खिळविणारे ते द्रव्य होते. त्यानंतर या निरोप्यांची रांगच लागली. १९५७ मध्ये विषाणूंच्या संदर्भात सापडलेल्या इंटरफेरॉनच्या कुटुंबातील गॅमा नावाचा सदस्य हा भक्षक पेशींना चेतविणारा प्रमुख निरोप्या असल्याचे १९८० च्या दशकात स्थिर झाले. १९७५ मध्ये अर्बुदात रक्तस्राव घडवून ते सडविणारा घटक हाती आला आणि कोलींच्या रोग्यांतील तापाचा व अर्बुद विरण्याचा अर्थ मागाहून थोडाफार लागला. १९७६ मध्ये टी-पेशींची वाढ करणारा निरोप्या सापडला. पुढे त्याला इंटरल्युकिन-२ असे नाव मिळाले.

येथे कुष्ठ आणि कर्करोग यांची वाट एक होते. १९७० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंड आणि अमेरिकेतील प्रयोगांत आढळले की, चेतविलेल्या भक्षक पेशी काचेच्या बशीत अर्बुदपेशींबरोबर ठेवल्या तर त्या अर्बुदपेशींना ठार करतात, आणि शेजारच्या निरोगी पेशींना बहुधा हात लावीत नाहीत. न चेतविलेल्या पेशी मात्र त्याच बशीत अर्बुदपेशींच्या अंगाखांद्यावर निवांत बसून राहतात. या चेतवण्याला एक निरोप सहसा पुरत नाही, दोन लागतात. पहिला टी-पेशीकडून येणारा गॅमा इंटरफेरॉन. तो भक्षक पेशीला सज्ज करतो. दुसरा जंतूच्या कवचातील एखाद्या घटकाचा स्पर्श, जो तिला शस्त्र उचलावयास लावतो. दोन्ही मिळाले की पेशी आपल्यातील आर्जिनीन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनविते आणि तो अर्बुदपेशीची श्वसनयंत्रणा मोडून टाकतो. या वायूचा पत्ता १९८७ च्या सुमारास लागला. निसर्गाने दोन कुलुपे ठेवली हे योग्यच केले. एका निरोपावर पेटून उठणारे पहारेकरी घरच्याच माणसांना मारीत सुटले असते, आणि संधिवातासारख्या काही रोगांत नेमके तसे घडतेही.

१९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातील संशोधकांनी तीव्र कुष्ठाच्या रोग्यांच्या त्वचेत अल्प प्रमाणात गॅमा इंटरफेरॉन टोचून पाहिले, तेव्हा ज्या पेशी वर्षानुवर्षे जंतूंना पोसत होत्या त्या जाग्या झाल्या. परळला याच प्रश्नाला दुसऱ्या टोकाने हात घातला गेला होता. १९७० च्या दशकाच्या अखेरीपासून डॉ. मा. ग. देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या आयसीआरसी जंतूला गॅमा किरणांनी मारून त्याची लस बनविली. कुष्ठाच्या जंतूशी त्याचे इतके साम्य होते की टी-पेशींना त्याच्यावरून खऱ्या शत्रूची ओळख पटावी, आणि वाढविण्यास तो सोपा होता. ज्यांची त्वचा कुष्ठाच्या चाचणीला मुळीच दाद देत नसे अशा कित्येक रोग्यांत लशीनंतर ती दाद देऊ लागली. म्हणजे हुकूम सुटू लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने १९९० च्या दशकात तामिळनाडूत निरोगी लोकांवर चार लशींची मोठी तुलनात्मक चाचणी घेतली, तीत या लशीने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. एकट्या बीसीजीचे संरक्षण ३४ टक्क्यांच्या आसपास होते. तोवर बहुविध औषधोपचाराने कुष्ठरोगाचे प्रमाण झपाट्याने खाली आणले होते, आणि लशीची निकड मागे पडली. हे दुर्दैव म्हणावे की सुदैव, याचे उत्तर रोग्याच्या बाजूने पाहिल्यास सरळ आहे. ज्या जंतूला ओळखण्यात अंदाज चुकला असे वाटावे, त्यातूनच वीस वर्षांनी लस निघाली, एवढी गोष्ट मात्र संशोधनाला वर्षाअखेरीच्या ताळेबंदाने मोजणाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

बीसीजीचा उल्लेख आलाच आहे म्हणून सांगावयाचे, क्षयाची ही साधी लस १९७६ पासून मूत्राशयाच्या कर्करोगात वापरली जाते. मूत्राशयात ती सोडली की अस्तरातील रक्षक पेशी चेततात आणि अर्बुदाचे उरलेसुरले अंश नष्ट करतात. आजही हा उपचार सर्वत्र चालू आहे. कोलींची कल्पना शेवटी या दाराने परत आली.

कमलताईंनी स्वतः या रासायनिक निरोप्यांपैकी कोणताही शोधून काढला नाही, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. थोर व्यक्तींच्या चरित्रात न केलेल्या शोधांची भर घालण्याची आपल्याकडील रीत त्यांना स्वतःलाही आवडली नसती. त्यांचे दोनशेहून अधिक शोधनिबंध आहेत आणि त्यांत स्तन, रक्त आणि अन्ननलिका यांच्या कर्करोगाचा व कुष्ठाचा अभ्यास आहे. १९६४ मध्ये भारतीय वैद्यक परिषदेचे रौप्यमहोत्सवी संशोधन पारितोषिक आणि त्याच वर्षी सूक्ष्मजीवशास्त्रासाठी वाटुमल प्रतिष्ठानचे पारितोषिक त्यांना मिळाले. १९८२ मध्ये पद्मभूषण. हे सारे मान त्यांच्या स्वतःच्या संशोधनाचे होते. या लेखात ज्याचा विचार चालला आहे ते त्यांचे ऋण निराळ्या जातीचे आहे. परदेशी गेलेल्या विद्यार्थ्यांनी आणि संशोधकांनी परत यावे म्हणून त्या आग्रह धरीत. आणि परत आलेल्याला बसावयास जागा, हाताशी द्रावण आणि वाढत्या पेशींची बशी मिळावी, ही व्यवस्था त्यांनी आधी करून ठेवली होती. नुसत्या देशप्रेमाच्या आवाहनाने परतणारे थोडे असतात.

स्त्रियांच्या बाबतीतही त्यांची वृत्ती अशीच व्यवहारी होती. १९७३ मध्ये अकरा सहकाऱ्यांसह त्यांनी भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. वाशीतील या संघटनेच्या वास्तूत व्याख्याने होतात, तसेच नोकरी करणाऱ्या स्त्रियांसाठी वसतिगृह आणि मुलांसाठी पाळणाघरही चालते. स्त्रीने शास्त्रज्ञ व्हावे असे म्हणणे सोपे. तिचे मूल दिवसभर कोण सांभाळणार, हा प्रश्न ज्यांनी संघटनेच्या कार्यक्रमपत्रिकेवर घेतला त्यांना प्रयोगशाळेतील स्त्रीचे खरे दुःख कळले होते. निवृत्तीनंतर त्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातील अकोले तालुक्यात सत्यनिकेतन संस्थेच्या कामात गेल्या आणि आदिवासी मुलांच्या पोषणाची माहिती गोळा करू लागल्या. खेड्यांतील स्त्रियांना कर्करोगाची आणि आरोग्याची ओळख करून देण्याचे कामही त्यांनी केले. उंदरांच्या दुधावर आयुष्य काढलेल्या या बाईंनी अखेरीस माणसांच्या मुलांचे दूधभात मोजावे, यात मला तरी काही विसंगती दिसत नाही. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, २००२ मध्ये, त्यांनी वाढविलेली संस्था परळहून खारघरच्या प्रशस्त आवारात गेली आणि तिला नवे नाव मिळाले. येथे पुण्यात विद्यापीठाच्या आवारात १९८० च्या दशकात प्राण्यांच्या पेशी व ऊती यांच्या संवर्धनाची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून आज ती ओळखली जाते आणि देशभरच्या प्रयोगशाळांना पेशींचे वाण पुरविते. गणेशखिंडीतून जाणाऱ्या किती जणांना आवारातील या पेशीपेढीची माहिती असेल कोण जाणे. एकेकाळी एका प्रयोगशाळेने धडपडून मिळविलेली गोष्ट आता मागणीपत्रावर मिळते.

राहता राहिला तो नवा उपचार. त्यात रोग्याच्याच रक्तातून टी-पेशी काढतात, प्रयोगशाळेत तिच्यात एक नवे जनुक घालतात, तिची संख्या वाढवितात आणि ती रोग्याला परत देतात. या जनुकामुळे टी-पेशीच्या अंगावर एक कृत्रिम ग्राहक उगवतो. त्याचे बाहेरचे टोक रक्ताच्या कर्करोगातील बी-पेशींवरील खूण ओळखते. आतल्या टोकात दोन निरोप एकत्र जोडलेले असतात, ओळख पटल्याचा आणि कामास लागण्याचा. निसर्गाची दोन कुलुपे येथे एकाच किल्लीने उघडली आहेत. मग टी-पेशी अर्बुदपेशीच्या आवरणाला छिद्र पाडून आत मारक द्रव्ये सोडते आणि सोबत निरोप्यांचा एवढा लोंढा बाहेर पडतो की रोग्याला कडक ताप भरतो, कधी जिवावरही बेतते. कोलींचा ताप तो हाच, फक्त आता त्याचे नाव माहीत आहे आणि त्याला आवरण्याचे औषधही आहे.

हा स्वदेशी उपचार परदेशी उपचाराच्या सुमारे एक-दशांश खर्चात होतो असे सांगण्यात आले, आणि त्याचे श्रेय येथेच पेशी वाढविण्याच्या, येथेच वाहक विषाणू बनविण्याच्या क्षमतेला आहे. तरीही ती रक्कम लाखांच्या घरात असून सामान्य कुटुंबाला घर विकल्याखेरीज उभी करता येणार नाही. शासकीय आरोग्य योजनांनी या प्रश्नाकडे लवकर पाहिले पाहिजे. आणि वैद्यकीय मर्यादाही तितकीच मोठी आहे. उपचाराचे यश आजवर रक्ताच्या कर्करोगांपुरते आहे. स्तन, फुफ्फुस, अन्ननलिका यांतील घट्ट अर्बुदे आपल्याभोवती उलट निरोपांचा पडदा उभारतात. टी-पेशींना थांबा असे सांगणारी खूण ती आपल्या अंगावर वागवितात. ती खूण झाकणाऱ्या औषधांच्या मूलभूत शोधाला २०१८ चे नोबेल मिळाले. भक्षक पेशींना तर ती अर्बुदे इतकी भुलवितात की त्या मारण्याऐवजी अर्बुदाला रक्तवाहिन्या पुरवू लागतात. या फितुर पेशींना पुन्हा दोन्ही निरोप पोहोचवून परत फिरविता येईल काय, यावर जगभर काम चालू आहे. स्तनाचा कर्करोग, ज्याच्यासाठी कमलताईंनी चार वाणांचे उंदीर पाळले, तो अजून या पेशी-उपचाराच्या आवाक्याबाहेर आहे. भारतीय स्त्रियांत सर्वाधिक आढळणारा कर्करोगही आज तोच आहे.